'आस्क्ड दॅट' का चुकतं? सेड, टोल्ड, आस्क्डच्या पुढे येणाऱ्या वाक्याचं गणित कुणी समजावेल का

चाकण_क्यूए

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे हे, आज विचारतोच. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा. कामाचं स्वरूप असं की कस्टमरचा फोन येतो, तो मराठीत नाहीतर हिंदीत बोलतो, मी वहीत उतरवून घेतो आणि संध्याकाळी त्याचा इंग्रजीत मेल करून प्लांटला आणि सेल्सला टाकतो. म्हणजे कोण काय म्हणालं हे दुसऱ्याला सांगायचं, दिवसभर हेच काम, आणि नेमकं तेच इंग्रजीत जमत नाहीये.

मागच्या आठवड्यातला मेल जसाच्या तसा देतो, मोबाइलवर देवनागरी कीबोर्ड आहे म्हणून इंग्रजी पण त्यातच लिहितोय: "कस्टमर टोल्ड दॅट, द बॉक्सेस आर वेट. ही आस्क्ड मी दॅट व्हेन विल यू सेंड द रिप्लेसमेंट? आय एक्सप्लेन्ड हिम दॅट वी आर चेकिंग. ही कम्प्लेन्ड अबाउट दॅट नोबडी पिक्स अप द फोन. ही सेड दॅट आय विल रिजेक्ट द होल लॉट."

यातल्या शेवटच्या वाक्याने घोळ केला. कस्टमर म्हणाला होता की मी अख्खा लॉट रिजेक्ट करीन. प्लांटवाल्यांनी वाचलं की क्वालिटीवाला, म्हणजे मी, लॉट रिजेक्ट करणार आहे. त्यांनी डिस्पॅच थांबवला, भरलेली गाडी पाऊण तास गेटवर उभी राहिली. नंतर साहेबांनी मेलची प्रिंट काढून पाचही वाक्यांना लाल गोल केले आणि परत दिली, पण चूक काय ते सांगितलं नाही, त्यांना वेळ नव्हता.

शाळेत 'नाउन क्लॉज' पाठ केलेलं आठवतंय, सबऑर्डिनेट क्लॉज, मेन क्लॉज, सगळं पाठ केलं आणि मार्कही मिळाले. पण सेड, टोल्ड, आस्क्ड यांच्यापुढे जे वाक्य येतं ते नक्की काय काम करतं, दॅट कधी लावायचं, कधी नाही, आतल्या वाक्यात काय बदलायचं, हे आजही मला कळत नाही. नुसता नियम नको, का ते सांगा प्लीज.

निवृत्त_बाई

तुझ्या पाचही वाक्यांच्या खालचं मराठी अगदी बरोबर आहे, आणि त्यामुळेच ती वाक्यं इंग्रजीत अडलीत. मी साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या आणि नंतर हायस्कूलच्या शाळेत 34 वर्षं इंग्रजी शिकवलं, हीच पाच वाक्यं दरवर्षी वहीत यायची.

आधी मराठीतच बघ. 'तो गाणं म्हणाला.' काय म्हणाला? गाणं. ते कर्म. आता 'तो म्हणाला की बॉक्स ओले आहेत.' काय म्हणाला? बॉक्स ओले आहेत. गाणं जिथे बसलं होतं तिथे आता एक अख्खं वाक्य येऊन बसलंय, त्याला स्वतःचा कर्ता आहे, स्वतःचं क्रियापद आहे, तरी ते 'म्हणाला'वर टेकलेलं आहे. याला आपण मराठीत मिश्र वाक्य म्हणतो, 'तो म्हणाला' हे प्रधान आणि पुढचं गौण. इंग्रजीत नेमकं हेच आहे, 'ही सेड समथिंग' मधल्या समथिंगच्या खुर्चीत 'दॅट द बॉक्सेस वेअर वेट' बसलं, म्हणून शाळेत त्याला नाउन क्लॉज म्हणतात, नामाच्या जागी आलेलं वाक्य.

आता खरी गोष्ट. त्या खुर्चीत काय बसेल हे पुढचं वाक्य ठरवत नाही, आधीचं क्रियापद ठरवतं. 'से'ला फक्त 'काय' लागतं. 'टेल'ला आधी 'कोणाला' लागतं, मग 'काय'. कस्टमर टोल्ड म्हटलं की ऐकणारा लगेच थांबतो, कोणाला टोल्ड? टोल्ड मी दॅट, टोल्ड अस दॅट. आणि 'से'ला माणूस जोडायचाच असेल तर मध्ये 'टू' घालून, सेड टू मी. आपल्याकडे 'मला म्हणाला' पण चालतं आणि 'मला सांगितलं' पण चालतं, दोन्हीकडे तोच 'मला', म्हणून पोरं 'सेड मी' लिहितात आणि तू 'टोल्ड दॅट' लिहिलंस. बाकी 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी' यांत माणूस नसला तरी चालतो, पण दॅटवालं वाक्य आलं की माणूस हवाच.

टेलच्या घरातली बाकी मंडळी म्हणजे इन्फॉर्म, रिमाइंड, अॅश्युअर, कन्व्हिन्स. या सगळ्यांना माणूस थेट लागतो. सेच्या घरातले एक्सप्लेन, मेन्शन, सजेस्ट, अॅडमिट, कन्फर्म, कम्प्लेन. त्यांना माणूस 'टू' लावूनच. म्हणून 'एक्सप्लेन्ड हिम दॅट' चूक, 'एक्सप्लेन्ड टू हिम दॅट' बरोबर. सजेस्टचंही तसंच, 'सजेस्टेड मी टू गो' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतही दिसतं, पण 'सजेस्टेड दॅट आय शुड गो' हवं. प्रॉमिस आणि वॉर्न दोन्ही घरांत ये-जा करतात, प्रॉमिस्ड दॅट आणि प्रॉमिस्ड मी दॅट दोन्ही बरोबर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, 'वी वेअर टोल्ड दॅट' बरोबर आहे, कारण तिथे 'कोणाला'चं उत्तर कर्त्याच्या जागी जाऊन बसलंय, ते गायब झालेलं नाही.

'आस्क्ड'ला मी पोरांना फळ्यावर दोन वाक्यं लिहून दाखवायचे. 'माल कधी येणार?' आणि 'त्याने विचारलं की माल कधी येणार.' काय बदललं? काहीच नाही. मराठीत प्रश्न सुटा असो की दुसऱ्या वाक्यात बसलेला असो, शब्दांची जागा तीच राहते. इंग्रजीत सुटा प्रश्न विचारताना 'विल' उडी मारून कर्त्याच्या आधी येतं, व्हेन विल द मटेरियल कम. तोच प्रश्न आस्क्डच्या पोटात गेला की उडी मारायचं कारण संपतं, कारण आता तुम्ही प्रश्न विचारत नाही आहात, कुणीतरी विचारला होता एवढंच सांगताय. म्हणून विल आपल्या जागी परत: ही आस्क्ड मी व्हेन द मटेरियल वुड कम. शेवटी प्रश्नचिन्हही नाही, पूर्णविराम.

आणि तुझं 'दॅट व्हेन'. व्हेन हाच सांधा आहे, तोच दोन वाक्यं जोडतो, त्याच्या आधी दॅट लावलं की एका चौकटीला दोन दारं बसवल्यासारखं होतं. आपला 'की' मोठ्या मनाचा आहे रे, विधान असो, प्रश्न असो, हुकूम असो, सगळ्यांच्या आधी जातो. 'म्हणाला की येतो', 'विचारलं की कधी येऊ', 'सांगितलं की ये'. दॅट विधानाच्याच आधी येतं. प्रश्नात व्हेन, व्हेअर, व्हाय असेल तर तोच सांधा, आणि 'येणार का?' असा हो-नाहीचा प्रश्न असेल तर इफ किंवा व्हेदर. हुकूम असेल तर वाक्यच नको, टू लावून क्रियापद: ही टोल्ड मी टू सेंड द रिपोर्ट. आपलं 'रिपोर्ट पाठवायला सांगितलं' आहे ना, तंतोतंत तेच.

दॅटच्या पुढचा तो स्वल्पविराम पण काढ. मराठीत 'म्हणाला की,' असं छापतात, त्याची ती सवय आहे. इंग्रजीत दॅटच्या आधीही नाही आणि नंतरही नाही, कारण क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यात कुणी स्वल्पविराम देत नाही.

जबाब_अनुवादक

बाईंनी पाया घातलाय, मी फक्त तुमच्या पाचव्या वाक्याबद्दल लिहितो कारण माझ्या नोकरीतली सगळी वर्षं असल्याच वाक्यांत गेलीत. मी कोर्टाच्या कागदांचा मराठीतून इंग्रजीत अनुवाद करतो. पोलिसांकडे जबाब मराठीत होतो, खालच्या कोर्टातही बरंच काम मराठीत चालतं, पण घटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणे हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, त्यामुळे प्रकरण वर गेलं की जबाबाचं इंग्रजी करावं लागतं.

जबाबात एक वाक्य हमखास असतं: 'आरोपी मला म्हणाला की मी तुला बघून घेईन.' यात 'मला' म्हणजे फिर्यादी, आणि दोनच शब्द पुढे गेलं की 'मी' म्हणजे आरोपी. एका वाक्यात एकच उत्तम पुरुष (म्हणजे 'मी'चं रूप) दोन वेगळ्या माणसांचा, आणि मराठी वाचणारा एक क्षणही अडखळत नाही! कारण 'की' ओलांडला की आपण आरोपीच्या तोंडात जाऊन बसतो, तिथून पुढचं सगळं त्याच्या आवाजात. सुरुवातीला मी लिहिलं होतं 'द अॅक्यूज्ड सेड टू मी दॅट आय विल सी यू'. वरिष्ठांनी कागद बाजूला ठेवून मला एकच विचारलं, इथे धमकी कोण कोणाला देतंय? इंग्रजीप्रमाणे वाचलं तर फिर्यादीच कुणाला तरी भेटायला जाणार होता.

इंग्रजीत दॅट ओलांडलं तरी आपण आत जात नाही, बाहेरच उभं राहून सांगत असतो. सांगणारा मी आहे, तर 'आय' म्हणजे मीच, मग तो मुख्य वाक्यात असो की गौण वाक्यात. तुमच्या मेलमध्ये तेच झालं. 'ही सेड दॅट आय विल रिजेक्ट' यात आय म्हणजे मेल लिहिणारा. प्लांटवाल्यांनी इंग्रजी बरोबर वाचलं. 'ही सेड दॅट ही वुड रिजेक्ट द होल लॉट' लिहिलं असतं तर गाडी निघाली असती.

मराठीत तर याच्याही पुढची सोय आहे. 'येईन म्हणाला.' की नाही, मी नाही, तो पण नाही. 'येईन' उत्तम पुरुषाचं रूप, 'म्हणाला' तृतीय पुरुषाचं, आणि दोन्हीचा माणूस एकच. गौण वाक्य आधी आलं की आपण 'की' टाकतो, 'असं' नाहीतर 'म्हणून' लावतो किंवा काहीच लावत नाही: 'पैसे देतो म्हणून सांगितलं आणि फिरकला नाही.' संस्कृतात 'इति' असंच शेवटी येतं. बोललेलं आहे तसं उचलून आणायचं आणि मागे खूण करायची की हे त्याचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. इंग्रजीत आहे तसं उचलून आणायचं असेल तर अवतरण चिन्ह लागतं, आणि मग दॅट लावायचं नाही. दोन्ही एकदम नको, एकतर त्याचे शब्द चिन्हांत, नाहीतर दॅट लावून आपल्या बाजूने फिरवलेले.

काळाचंही हेच कारण आहे. सेड भूतकाळात, तर आतलं विल वुड होतं, आर वेअर होतं, कारण सांगणारा आज उभा आहे आणि मागे वळून बघतोय. शाळेत टेबल पाठ करून घेतात, टुमॉरोचं द नेक्स्ट डे करा, हिअरचं देअर करा, पण ते टेबल डोळे मिटून वापरायचं नाही. कस्टमर सकाळी बोलला, तुम्ही त्याच संध्याकाळी मेल करताय, तर त्याचा उद्या तो तुमचाही उद्याच आहे, टुमॉरोच ठेवा. तुम्ही चार दिवसांनी लिहिलं तर मात्र बदलावं लागेल. कुठे उभं राहून बोलताय ते बघा, शब्द आपोआप ठरतो.

आता दॅट कधी गाळायचं. बोलताना सेड, थिंक, नो (म्हणजे माहीत असणं) यांच्यापुढे लोक सर्रास गाळतात आणि काही बिघडत नाही. पण माझ्या कामात मी जवळजवळ कधीच गाळत नाही, त्याचं कारण एक उदाहरण देतो. 'ही सेड ऑन मंडे ही वुड पे.' सोमवारी म्हणाला, की सोमवारी देणार? पैशाच्या केसमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ही सेड ऑन मंडे दॅट ही वुड पे', सोमवार बोलण्याचा. 'ही सेड दॅट ऑन मंडे ही वुड पे', सोमवार देण्याचा. तो चार अक्षरांचा शब्द कुंपण आहे, कुंपणाच्या अलीकडचं सगळं सांगणाऱ्याचं, पलीकडचं बोलणाऱ्याच्या बोलण्यातलं. डिलिव्हरीच्या तारखा असलेल्या मेलमध्ये ते कुंपण घालाच.

दहावीची_आई

मध्येच विचारतेय, रागावू नका, पण विषय तोच आहे. मुलाच्या सराव पेपरमध्ये 'द न्यूज दॅट ही हॅड पास्ड मेड अस हॅपी' आणि 'द न्यूज दॅट ही गेव्ह अस मेड अस हॅपी' अशी दोन वाक्यं होती, क्लॉज ओळखा. त्याने दोन्हीकडे अॅडजेक्टिव्ह क्लॉज (नामाचं वर्णन करणारं वाक्य) लिहिलं कारण दोन्हीकडे न्यूज या नामाला चिकटलंय, तर पहिलं चूक दिलंय. का?

निवृत्त_बाई

रागवायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे, परीक्षेत मुद्दाम घालतात हा. दॅटच्या जागी व्हिच घालून बघायला सांगा त्याला. 'द न्यूज व्हिच ही गेव्ह अस' जमतं, म्हणजे ते अॅडजेक्टिव्ह. 'द न्यूज व्हिच ही हॅड पास्ड' वाचून बघा, त्याने बातमी पास केली असं काहीतरी होतं, जमत नाही, म्हणजे नाउन क्लॉज. अजून सोपं, मराठी करा. 'त्याने जी बातमी दिली', इथे जो-जी-जे आलं. 'तो पास झाल्याची बातमी' किंवा 'तो पास झाला ही बातमी', इथे जी येत नाही, कारण पास होणं हीच बातमी आहे. एकात बातमी कुठली ते कळतं, दुसऱ्यात बातमी काय ते कळतं. मागे न्यूज, फॅक्ट, क्लेम, रिपोर्ट, प्रॉमिस असे बोलण्या-कळण्याचे शब्द असले की आधी नाउन क्लॉजची शंका घ्यायची. हे क्लेम, रिपोर्ट, प्रॉमिस म्हणजे मघाच्यासारखीच क्रियापदं, नाम होऊन आलेली, येताना आपलं वाक्य सोबत घेऊन आलीत.

वाक्यविचार

मी भाषाशास्त्रात एमए केलंय, बाईंशी एका ठिकाणी थोडा मतभेद आहे, आदर ठेवूनच मांडतो. 'नामाच्या जागी बसलेलं वाक्य' ही ओळख शिकवायला सोपी आहे पण पुढे जाऊन तीच अडचणीत आणते, आणि प्रश्नकर्त्याचं चौथं वाक्य त्याचाच बळी आहे. 'ही कम्प्लेन्ड अबाउट दॅट नोबडी पिक्स अप द फोन.' त्याने विचार केला असणार की कम्प्लेन अबाउटपुढे नाम येतं, कम्प्लेन अबाउट द सर्व्हिस, आणि हे वाक्य नामासारखं आहे म्हणतात, मग नामाच्या जागी ठेवू. तर्क बिनचूक आहे, वाक्य चुकीचं आहे. म्हणजे ओळखच कुठेतरी कमी पडतेय.

नीट बघितलं तर दॅटवालं वाक्य नामाच्या सगळ्या जागांवर बसतच नाही. अबाउट, ऑफ, ऑन अशा शब्दांच्या लगेच पुढे ते येत नाही. 'कम्प्लेन्ड अबाउट द नॉइज' पण 'कम्प्लेन्ड दॅट इट वॉज नॉइझी', अबाउट गळून पडतं. 'इन्फॉर्म्ड मी ऑफ द डिले' पण 'इन्फॉर्म्ड मी दॅट इट वॉज डिलेड'. 'इन्सिस्टेड ऑन द डिस्काउंट' पण 'इन्सिस्टेड दॅट...' उलट कम्प्लेन, इन्सिस्ट, बोस्ट यांच्यापुढे थेट नाम ठेवून बघा, 'कम्प्लेन्ड द नॉइज', नाही चालत. जिथे वाक्य चालतं तिथे नाम चालत नाही, जिथे नाम चालतं तिथे वाक्य चालत नाही, मग त्याला नामवाक्य कसं म्हणायचं? म्हणूनच 2002 मध्ये आलेल्या केम्ब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी नाउन क्लॉज हे नाव सोडून कंटेंट क्लॉज म्हटलंय, आशय सांगणारं वाक्य, आणि त्याला क्रियापदाचं पूरक, म्हणजे क्रियापदाचा अर्थ पुरा करणारा भाग, मानलंय. आपल्याकडे 'बद्दल' असाच वागतो, 'फोन उचलत नाहीत की बद्दल' कुणी म्हणत नाही, आपण वाक्याचं आधी 'न उचलण्याबद्दल' करून घेतो. इंग्रजीतही तो रस्ता आहे, 'अबाउट नोबडी आन्सरिंग द फोन', किंवा मध्ये नाम घालायचं, 'अबाउट द फॅक्ट दॅट'. व्हॉट, व्हेदरवाल्या वाक्यांना मात्र हे बंधन नाही, 'अबाउट व्हॉट हॅपन्ड' छान चालतं.

दुसरं, बाई म्हणाल्या आस्कच्या पुढे दॅट नको, प्रश्नासाठी ते शंभर टक्के खरं. पण 'आस्क्ड दॅट' इंग्रजीत आहे, आणि ते दिसलं तर चूक समजू नका, त्याचा अर्थ वेगळा आहे. 'ही आस्क्ड दॅट द लॉट बी रिप्लेस्ड.' इथे आस्क म्हणजे विचारणं नाही, मागणी करणं, आणि आतलं क्रियापद बघा, इज नाही, वॉज नाही, मूळ रूप 'बी'. डिमांड, इन्सिस्ट, रेकमेंड, सजेस्ट यांच्यापुढेही हेच होतं, ब्रिटिश लिहिण्यात तिथे बरेचदा शुड घालतात. आणि इन्सिस्टकडे लक्ष द्या. 'ही इन्सिस्टेड दॅट द बॉक्सेस वेअर ड्राय', बॉक्स कोरडेच होते असं ठासून सांगितलं. 'ही इन्सिस्टेड दॅट द बॉक्सेस बी ड्राय', कोरडेच हवेत असा आग्रह धरला. वेअर आणि बी, बाकी वाक्य तेच. मला या भाषेतली ही जागा फार आवडते.

तिसरं नकाराचं. 'मला नाही वाटत तो येईल' आणि 'आय डोन्ट थिंक ही विल कम', दोन्ही भाषा आतला नकार उचलून बाहेर ठेवतात आणि अर्थ एकच राहतो. पण सेला हे करू नका. 'ही सेड दॅट ही वुड नॉट पे' म्हणजे देणार नाही म्हणाला. 'ही डिड नॉट से दॅट ही वुड पे' म्हणजे देईन असं म्हणालाच नाही, कदाचित विषयच निघाला नसेल. रिपोर्टमध्ये या दोघांत पैसे बुडण्याएवढा फरक आहे.

निवृत्त_बाई

मान्य. अबाउटचा मुद्दा मी वर्गात 'अपवाद' म्हणून सांगायचे, तुम्ही तो अपवाद नाही हे दाखवलंत. दहावीच्या मुलाने मात्र पेपरात नाउन क्लॉजच लिहावं, तिथे मार्क त्याच नावाला आहेत.

चाकण_क्यूए

बाई, सर, सगळ्यांचेच मनापासून आभार, काल रात्री दोनदा वाचून काढलं. एवढी वर्षं मी 'की'चं दॅट करत होतो आणि पुढचं सगळं कस्टमरच्या तोंडून बोलत होतो, हे पहिल्यांदा दिसलं. आज तोच मेल परत लिहून बघितला:

"द कस्टमर टोल्ड मी दॅट द बॉक्सेस वेअर वेट. ही आस्क्ड व्हेन वी वुड सेंड द रिप्लेसमेंट. आय एक्सप्लेन्ड टू हिम दॅट वी वेअर चेकिंग. ही कम्प्लेन्ड दॅट नोबडी पिक्ड अप द फोन. ही सेड दॅट ही वुड रिजेक्ट द होल लॉट."

दुसऱ्या वाक्यात 'यू'चं 'वी' केलं ते बरोबर ना? तो मला 'तुम्ही कधी पाठवणार' म्हणाला होता, पण मेल आमच्याच माणसांना जातोय म्हणून वी. आणि पहिल्या वाक्यात अडलोय. बॉक्स अजूनही ओलेच आहेत, कस्टमरच्या गोडाऊनला पडून आहेत, मग वेअर लिहिलं तर प्लांटवाले म्हणतील ओले होते, आता वाळले. आर ठेवलं तर चूक होईल का?

जबाब_अनुवादक

वी बरोबर, तुम्ही आता स्वतःच्या जागेवरून बोलताय.

आर ठेवलं तर चूक नाही. सांगितलेली गोष्ट लिहिताना अजूनही तशीच असेल तर वर्तमान ठेवता येतो, शाळेत फक्त सूर्य पूर्वेला उगवतो असल्या त्रिकालाबाधित सत्यांचा अपवाद शिकवतात, प्रत्यक्षात आज खऱ्या असलेल्या साध्या गोष्टीलाही तो लागू आहे. पण दोन्हीत एक फरक आहे तो बघून निवडा. 'टोल्ड मी दॅट द बॉक्सेस आर वेट' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं ते आत्ता ओले आहेत हे तुम्हालाही मान्य आहे. 'वेअर' म्हटलं की ते कस्टमरचं म्हणणं राहतं, वाळले की नाही याबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही. तुम्ही स्वतः गोडाऊनला जाऊन बॉक्स बघितलेत का, की फक्त फोनवर ऐकलंय?

चाकण_क्यूए

फक्त फोनवर. उद्या बघायला जातोय. म्हणजे आज वेअर, आणि उद्या बघून आलो की माझं स्वतःचं वाक्य, त्यात टोल्ड पण नको आणि दॅट पण नको: द बॉक्सेस आर वेट.

जबाब_अनुवादक

बरोबर. आणि फोटो काढून आणा, मेलला जोडायला.